शस्त्रक्रिया कीं सावध देखरेख?

सातारा-सांगलीकडील घरांत स्तनाच्या कर्करोगाचें नांव निघालें कीं, शस्त्रक्रिया केव्हां, एवढाच प्रश्न उरतो. आणि त्याचें उत्तरहि पुष्कळदां घरांतील पुरुषच देतात. परंतु एका अवस्थेपुरता आतां दुसराहि मार्ग विचारांत घेतला जात आहे.

स्तनांतील दूधवाहक नलिकांच्या आंतच विकृत पेशी वाढल्या, पण बाहेर गेल्या नाहींत, अशी ही अवस्था होय. ती बहुधा हाताला लागत नाहीं. क्ष-किरणांच्या चित्रांत चुन्याच्या बारीक कणांवरून कळते. तिचा सौम्य प्रकार पुष्कळदां पसरतच नाहीं. मात्र कोणाचा पसरेल, हें आधीं निश्चित सांगतां येत नाहीं.

अमेरिकेंत २०१७ सालीं सुरू झालेल्या ‘कॉमेट’ प्रयोगांत अशा ९५७ स्त्रिया होत्या. त्याच्या आखणींत रुग्ण स्त्रियांचाहि सहभाग होता. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, दोन वर्षांत पसरणारा कर्करोग नेहमींच्या उपचारांच्या गटांत शेंकडा ५.९, तर देखरेखीच्या गटांत ४.२ आढळला. अर्थात् दोन वर्षें हा काळ अल्पच.

डॉ. वानलेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें, त्या मिरजेची वाट आजहि अनेक रुग्ण धरतात. त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, हाताला लागणारी गांठ ‘पाहूं पुढें’ म्हणून ठेवूं नये. ती तत्काळ तपासावी. देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे. दर सहा महिन्यांनीं चित्र काढणें आलें, प्रवास आला, खर्च आला. तें झेपेल काय, धास्ती सोसवेल काय, हें रुग्ण स्त्रीच सांगूं शकेल. म्हणून प्रश्न प्रथम तिलाच विचारावा.