काळी चार, बफर २५६

घरच्या संगणकावर गाणं करायचं म्हटलं की लोक विचारतात, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? मी आधी विचारतो, पहिल्या दिवशी काय करणार? गाणार, की ठेका बांधणार? इथेच निम्मी यादी गळते. मॅक असेल तर गॅरेजबँड त्यावर फुकट मिळतं, सुरुवातीला तेवढं पुरे. विंडोजवर बीट्स आणि सिंथच्या नादाला लागलेल्या पोरांना एफएल स्टुडिओ पटकन हाताला बसतं. १९९७ साली ते फ्रूटीलूप्स या नावानं आलं तेव्हा ठेक्याचे चौकोन भरायचं साधन होतं, आणि आजही त्याचा जीव त्या चौकोनांत आहे. त्याच धाटणीचं पूर्ण फुकट हवं असेल तर एलएमएमएस.

एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये एक मेख आहे. प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण परवाना घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. रात्रभर जागून केलेलं काम सकाळी नुसतं फोल्डरमध्ये दिसतं. वेव्ह फाइल मात्र बाहेर काढता येते, तेव्हा झोपण्याआधी तेवढं करावं. हे आधी कुणी सांगत नाही. मग वैतागलेली मुलं क्रॅक शोधतात आणि त्याच्यासोबत भलतंच काहीतरी संगणकात घेऊन बसतात.

माझ्या भाचीला गायचं होतं. अभंग, मागे तानपुरा, जमलं तर पेटी. लॅपटॉप जुना, विंडोजचा. तिच्यापुरती दोन नावं उरली, ऑडॅसिटी आणि रीपर. ऑडॅसिटी फुकट आणि सरळ. आवाज घ्या, मधला खोकला कापा, झालं. पण मिडी कीबोर्डवर पेटी वाजवून चुकलेला सूर नंतर सरकवायचा म्हटलं तर ती सोय तिथे नाही. म्हणून रीपर. सायबर कॅफेच्या काळात ज्यांनी विनअॅम्पवर गाणी ऐकली त्यांना गंमत वाटेल, दोन्हींच्या मागे जस्टिन फ्रँकेल हाच माणूस. ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं, नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला. उघडल्यावर मात्र समोर रिकामा राखाडी पडदा, आणि वाद्यांचे तयार आवाज जवळपास नाहीतच. नवख्याला हे बोचतं, बोचायलाच हवं.

खरी पारख हेडफोन लावल्यावर होते. तानपुऱ्याची फाइल एका ट्रॅकवर टाकली, दुसऱ्यावर तिचा माइक. दोन ओळी झाल्या आणि तिनं हेडफोन काढला. "मामा, माझाच आवाज मला मागून येतोय." काळी चारची पट्टी तिच्या गळ्यात पक्की, सुरात कुठे खोट नव्हती, पण समेवर येताना ती दर वेळी किंचित रेंगाळत होती, कानातल्या स्वतःच्या आवाजाची वाट बघत. संगणक आवाज अखंड घेत नाही, पुंजक्यांनी घेतो. त्या पुंजक्याचा आकार म्हणजे बफर. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल घेतले जात असताना १०२४चा बफर म्हणजे आत येताना सुमारे २३ मिलिसेकंद, बाहेर जाताना पुन्हा तेवढेच, वर विंडोजच्या नेहमीच्या ड्रायव्हरची भर. नुसतं बोलणाऱ्याचं त्यानं फारसं अडत नाही, गाणाऱ्याचा गळा अडखळतो.

एएसआयओ फोर ऑल नावाचा फुकट ड्रायव्हर टाकला आणि बफर २५६वर आणला. आता एका बाजूला सहा मिलिसेकंदांच्या आत. हाव सुटून ६४वर नेलं, तर तानपुऱ्यात कटकट ऐकू यायला लागली. लॅपटॉपला तेवढ्या घाईनं हिशेब झेपेना. परत २५६. या वेळी तिनं अख्खा अभंग न थांबता म्हटला.

दुसरी परीक्षा तालाची. ही सॉफ्टवेअरं उघडली की बहुतेक चार-चारचे रकाने आखलेले असतात. भजनी ठेका, केरवा त्यात आरामात बसतात. तिचा पुढचा अभंग रूपकात होता. सात मात्रांचं आवर्तन चारच्या रकान्यांत पसरलं की सम दर वेळी वेगळ्याच जागी पडते, आणि मग एक आवर्तन कापून दुसरीकडे जोडायचं म्हणजे मात्रा मोजत बसणं आलं. रीपरमध्ये टाइम सिग्नेचर ७/४ केली आणि रेघा आवर्तनाला येऊन मिळाल्या. मेट्रोनोम मात्र पहिल्या मात्रेवर जोरात ठणका देतो, आणि रूपकात नेमकी तिथे खाली! ती दर वेळी हसते. सुरुवातीच्या आलापाला क्लिक बंद, स्नॅपही बंद. नाहीतर तुकडा सरकवला की सॉफ्टवेअर तो जवळच्या रेघेला नेऊन चिकटवतं.

आता पेटीसाठी फुकटातले व्हीएसटी आवाज ऐकणं चाललंय. काहींचा भाता फारच गुळगुळीत आहे, एकात खालचा सप्तक चक्क ऑर्गनसारखा वाजतो. पण तिनं बासरी मागितली नाही हे माझं नशीब. मिंडेसाठी पिच बेंडच्या चाकाशी झटापट करावी लागली असती. पेटीला मुळात मिंड येत नाही, त्यामुळे निदान त्या बाबतीत संगणकातली पेटी खऱ्या पेटीच्या मागे नाही.