मुलीची पाळी वेळेवर येत नाही? आधी तारखा लिहायला लागा

पालक सभा संपते, बाकीचे निघून जातात आणि एखादी अम्मी बाकापाशी रेंगाळते. हिला मार्कांबद्दल बोलायचं नाही, हे आम्ही ओळखतो. मागे नववीतल्या एका मुलीची आई अशीच थांबली. बुरख्याच्या आत धरलेली फाइल काढून हळूच म्हणाली, "टीचर, पोरीला दोन-दोन महिने येतच नाही. शेजारणीने सांगितलं म्हणून सोनोग्राफी केली. त्यात पीसीओडी लिहिलंय. दादी म्हणते हिला आता मूलबाळ होणार नाही. खरं का?"

मुलगी चौदा वर्षांची. पाळी सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. आम्ही एवढंच विचारलं, "मागची पाळी कोणत्या तारखेला आली होती?" आईने मुलीकडे पाहिलं, मुलीने आईकडे. फाइलमध्ये रिपोर्ट होता, बिलं होती, पण तारीख कुठेच नव्हती.

मीरा रोड-भाईंदरच्या घराघरांत हेच चित्र आहे. काही घरांत एक पाळी चुकली की रडारड सुरू होते, तर काही घरांत सहा महिने पाळी आली नाही तरी "लग्नानंतर होईल ठीक" म्हणून सोडून देतात. दोन्हीकडे नुकसान मुलीचं होतं. आम्ही डॉक्टर नाही. पण वर्षानुवर्षं मुलींना विज्ञान शिकवताना आणि त्यांच्या आयांशी बोलताना जे समजून घेतलं, ते इथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

सुरुवातीला पाळी पुढे-मागे का होते?

पाळीचा कारभार तीन ठिकाणांहून चालतो: मेंदूतला हायपोथॅलॅमस, त्याच्याखालची पिट्युटरी ग्रंथी आणि पोटातली दोन अंडाशयं. मेंदूकडून निरोप येतो, अंडाशयात अंडं तयार होतं आणि बाहेर पडतं. अंडं बाहेर पडल्यावर अंडाशय प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन सोडतं. हे हार्मोन कमी झालं की गर्भाशयाचं आतलं अस्तर गळून पडतं. तीच पाळी.

नव्याने वयात आलेल्या मुलीत या तिघांचा मेळ अजून बसलेला नसतो. कित्येक महिने अंडं बाहेर पडतच नाही. मग प्रोजेस्टेरॉनही तयार होत नाही, अस्तर वाढत राहतं आणि कधीतरी अचानक गळायला लागतं. त्यामुळे पाळी उशिरा येते, आणि आली की कधी कधी खूप जाते. पहिली दोन-तीन वर्षं असं होणं बहुतेक वेळा वाढीचाच भाग असतो. तिसऱ्या वर्षापर्यंत १०० पैकी ६० ते ८० चक्रं २१ ते ३४ दिवसांत बसतात.

म्हणून मोठ्या बाईचा २८ दिवसांचा हिशेब मुलीला लावू नये. किशोरवयात २१ ते ४५ दिवसांनी पाळी येणं आणि ती ७ दिवसांपर्यंत राहणं ठीक मानलं जातं. दिवस मोजताना एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. पुष्कळ आया पाळी संपल्यापासून मोजतात आणि तिथेच हिशेब चुकतो.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

खालीलपैकी एक जरी गोष्ट असेल, तर वाट पाहू नये:

- वयाची १५ वर्षं पूर्ण झाली तरी पहिली पाळी आलेली नाही.
- दोन पाळ्यांमध्ये ९० दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं, एकदाच पडलं तरी.
- पाळी सतत २१ दिवसांच्या आत किंवा ४५ दिवसांच्या पुढे येते.
- रक्तस्राव ७ दिवसांपेक्षा जास्त चालतो.
- तास-दोन तासांत पॅड पूर्ण भिजतं, मोठ्या गाठी पडतात.
- आधी नियमित असलेली पाळी अचानक बिघडली.
- पोटदुखीमुळे दर महिन्याला शाळा बुडते.
- चक्कर, धाप, चेहरा पांढरा पडणं.

मोजण्याची सवय आपल्याकडे आहेच

आपल्या घरात मुलगी वयात आली की नमाज-रोजाचे मसले शिकवले जातात. रमजानमध्ये किती रोजे सुटले आणि किती कझा करायचे, हे ती लक्षात ठेवते. हैज आणि इस्तिहाजा यांतला फरक दिवस मोजूनच ठरतो. म्हणजे तारीख लिहिणं ही काही बाहेरून आलेली नवी गोष्ट नाही. ती फक्त रमजानपुरती न ठेवता बाराही महिने करायची.

इथे एक गोंधळ मात्र दूर केला पाहिजे. हनफी मसल्यात हैज कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १० दिवस मानतात. आपले कोकणी भाऊ-बहिणी शाफई आहेत, त्यांच्यात ही मुदत एक दिवस-रात्रीपासून १५ दिवसांपर्यंत आहे. ही मोजणी इबादतीसाठी आहे. नऊ दिवस रक्त गेलं तर मसल्याप्रमाणे ते हैज असू शकतं, पण डॉक्टरांच्या हिशेबात ७ दिवसांच्या पुढे तपासणी हवीच. "दहाच्या आत आहे ना, मग ठीक आहे" असं म्हणून अंगातलं रक्त कमी होऊ देऊ नये.

आणि लाजेचं काय? हजरत फातिमा बिन्त अबी हुबैश यांनी रक्त थांबत नसल्याची आपली तक्रार थेट रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांना विचारली होती, आणि त्यांना उत्तर मिळालं की हे रक्त रगेचं आहे, हैजचं नाही. ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. त्यांनी विचारलं म्हणून आज आपल्याला मसला माहीत आहे. मग आपल्या मुलीने अम्मीला विचारायला का लाजावं?

कारणं कोणकोणती असू शकतात?

वय हे सगळ्यात मोठं कारण, ते वर सांगितलंच. बाकीची अशी:

खाणं आणि वजन. वजन फार कमी असेल किंवा डाएटच्या नादात झपाट्याने घटलं असेल, तर मेंदू पाळीचा निरोप देणं थांबवतो. उलट वजन फार वाढलं तरी हार्मोन बिघडतात. सकाळी उपाशी शाळेत, दुपारी वडापाव, संध्याकाळी चिप्स आणि थंडा, असं चाललं तर शरीराने काय करावं?

टेन्शन आणि जागरण. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या आसपास मुलींची पाळी पुढे गेलेली आम्ही दरवर्षी ऐकतो. रमजानमध्येही झोप आणि जेवणाची वेळ बदलते, तेव्हा एखादी पाळी इकडे-तिकडे होऊ शकते. नंतर ती जागेवर यायला हवी.

थायरॉइड. ही ग्रंथी मंद झाली किंवा जास्त काम करू लागली, तरी पाळी बिघडते. साध्या रक्ततपासणीत कळतं, औषधही सोपं आहे.

गोळ्या. रमजानचे पूर्ण रोजे व्हावेत किंवा घरात शादी आहे म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायची गोळी आणून मुलीला दिली जाते. हे हार्मोनच आहे. डॉक्टरांना न विचारता देऊ नये. पाळीच्या दिवसांत रोजा नाही, ही सवलत अल्लाहनेच दिलेली आहे, ती घेण्यात कमीपणा कसला? मिरगी आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांनीही पाळी बदलते. ती औषधं स्वतःहून बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगावं.

रक्त गोठण्याचा दोष. पहिल्या पाळीपासूनच खूप रक्त जात असेल, नाकातून रक्त येत असेल, जखमेतलं रक्त लवकर थांबत नसेल, तर ही तपासणी करायला हवी.

याशिवाय प्रोलॅक्टिन हार्मोन वाढणं आणि टीबी हीही कारणं असू शकतात. लघवीची तपासणी करून डॉक्टर गरोदरपण नाही ना, हेही पाहतात. त्याचा राग मानू नये, ती तपासणीची रीतच आहे.

पीसीओडीचा शिक्का

आता त्या फाइलकडे वळू. पीसीओडी, ज्याला डॉक्टर आता पीसीओएस म्हणतात, त्यात शरीरात पुरुषी हार्मोन जास्त होतात आणि अंडं नियमित बाहेर पडत नाही. हनुवटीवर, ओठांवर, पोटावर जाड केस येणं, औषधानेही न जाणारे पिंपल्स, मानेची कातडी काळी आणि जाड होणं, वजन वाढणं, या त्याच्या खुणा. हा आजार खरा आहे आणि पुढे जाऊन मधुमेहाचा धोका वाढवतो. तेव्हा त्याकडे दुर्लक्ष नको.

पण तो ठरवायचा कसा? परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी मुंबईतल्या १५ ते २४ वर्षांच्या ७७८ मुलींची पाहणी केली. ती २०१४ मध्ये छापून आली. एका कसोटीने मोजलं तर १०० पैकी २२.५ मुलींना हा आजार निघाला. दुसऱ्या कसोटीने मोजलं तर १०.७. मुली त्याच, आकडा निम्म्याहून कमी! दुसऱ्या कसोटीत पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण असणं सक्तीचं होतं. पहिलीत अनियमित पाळी आणि सोनोग्राफीतलं चित्र एवढ्यावरही निदान होत होतं.

वाढत्या वयातल्या अंडाशयात छोट्या छोट्या गाठींसारखे ठिपके दिसणं साधी गोष्ट आहे. म्हणून २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात सांगितलं आहे की पहिल्या पाळीनंतर ८ वर्षांपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये. अनियमित पाळी आणि पुरुषी हार्मोनच्या खुणा, दोन्ही असतील तरच किशोरवयीन मुलीला हे निदान द्यावं. एकच असेल तर तिच्यावर लक्ष ठेवावं आणि पुढे पुन्हा तपासावं.

आणि दादीच्या प्रश्नाचं उत्तर: पीसीओएस म्हणजे मूल होणार नाही, असं मुळीच नाही. पुष्कळ बायकांना आपोआप दिवस जातात, काहींना औषध लागतं. रोज चालणं-खेळणं, वेळेवर झोप, घरचं जेवण हा पहिला इलाज. डॉक्टर कधी हार्मोनच्या गोळ्या देतात. "कुंवाऱ्या मुलीला गर्भनिरोधक गोळ्या?" म्हणून आया दचकतात आणि पाकीट फेकून देतात. त्या इथे पाळी बसवण्यासाठी दिलेल्या असतात. त्यांनी वांझपण येत नाही.

लग्न हा इलाज नाही

"निकाह लावून द्या, सगळं ठीक होईल" हा सल्ला आम्ही किती वेळा ऐकला, मोजदाद नाही. लग्नाने थायरॉइड बरा होत नाही, रक्त वाढत नाही. १८ वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं २००६ च्या कायद्याने गुन्हाही आहे. ज्या मुलीला तपासणी हवी होती, ती सासरी जाते आणि तिथे दोष तिच्यावरच येतो.

तपासणीची भीती

डॉक्टर उंची-वजन घेतात, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहतात, गरज असेल तर पोटावरून सोनोग्राफी करतात. अशा वयात आतून तपासणी सहसा लागत नाही. लेडी डॉक्टर मागण्याचा हक्क आहे, आईने सोबत थांबावं. भाईंदर पश्चिमेला पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, ज्याला आपण टेंभा म्हणतो. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक चालतात, त्याची चौकशी करावी. आणि शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पिशवीतून कचऱ्यात जाऊ देऊ नये. राज्यातल्या निम्म्याहून अधिक किशोरवयीन मुलींच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारी पाहणीतच आलेलं आहे.

अब्बू आणि भाईजाननेही वाचावं

हा लेख बायकांचा म्हणून बाजूला ठेवू नका. मे २०२३ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, उल्हासनगरमध्ये, एका १२ वर्षांच्या मुलीचा तिच्या सख्ख्या भावाच्या मारहाणीत जीव गेला. कपड्यावर पाळीचा डाग दिसला आणि त्याने तिच्यावर भलताच संशय घेतला. पाळी म्हणजे काय हे त्याला कुणी घरात सांगितलं असतं तर? पाळी उशिरा आली तरी संशय, डाग दिसला तरी संशय, अशा घरात मुलगी तक्रार घेऊन कुणाकडे जाणार?

त्या दिवशी आम्ही त्या आईला शाळेचंच एक छोटं कॅलेंडर दिलं. म्हणालो, पाळी येईल त्या दिवशी गोल करायचा, थांबेल त्या दिवशी फुली, किती पॅड लागले तो आकडा शेजारी. तीन महिन्यांनी हे कॅलेंडर घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. मध्येच ९० दिवस उलटले किंवा रक्त थांबलं नाही, तर तीन महिनेही थांबू नका. आईने कॅलेंडर घेऊन मुलीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "तू लिही. मी विचारत जाईन."

तुमच्या घरातही स्वयंपाकघराच्या दारामागे एखादं कॅलेंडर असेलच. आजच मुलीला विचारा, मागची तारीख कोणती होती.