किडनी बसली, पण टिकते किती वर्षे?

प्रत्यारोपण यशस्वी झाल्याची बातमी छापून येते तेव्हा रुग्ण नुकताच घरी गेलेला असतो, आणि त्याची खरी परीक्षा तिथून सुरू होते. बोस्टनमध्ये १९५४ साली जुळ्या भावांमध्ये पहिले यशस्वी किडनी प्रत्यारोपण झाले. ज्याला किडनी मिळाली तो त्यानंतर सुमारे आठ वर्षे जगला. पुढे सायक्लोस्पोरिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आली आणि पहिल्या वर्षी किडनी टिकण्याचे प्रमाण चांगल्या केंद्रांत ९० टक्क्यांच्या वर गेले. या आकड्यावर डॉक्टरही समाधानी होते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय नोंदी तपासल्यावर मात्र २००४ मध्ये एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. शरीराने नवी किडनी अचानक नाकारण्याचे प्रसंग १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात खूप कमी झाले होते, तरी किडनीचे एकूण आयुष्य काही वाढले नव्हते. कुठल्याही एका डॉक्टरला आपल्या ओपीडीत बसून हे कधीच दिसले नसते. ऑस्ट्रेलियातही प्रत्यारोपणाची नोंदवही कर्करोगाच्या नोंदवहीशी जोडली, तेव्हा दिसले की या रुग्णांत कर्करोगाचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या तिपटीहून जास्त आहे. प्रतिकारशक्ती दाबणारी जी औषधे अवयव टिकवतात, त्यांचीच ही किंमत आहे.

भारतात २०१३ मध्ये वर्षाला पाच हजारांच्या आसपास प्रत्यारोपणे होत. २०२३ मध्ये ती १८ हजारांवर गेली. चर्चा होते ती या संख्येची. त्यातले किती जण दहा वर्षांनी डायलिसिसवर परतले, हे विचारले जात नाही. शिवाय संपर्क तुटलेल्या रुग्णांना हिशेबातून वगळले की टक्केवारी आपोआप चांगली दिसते. गडचिरोलीहून नागपूरला दर तपासणीला येणे ज्याला झेपत नाही, ज्याची आयुष्यभराची औषधे पैशांअभावी बंद पडली, नेमका तोच या हिशेबातून गळतो. म्हणून अर्धवट पाठपुरावा नुसता अपुरा नसतो, तो दिशाभूल करतो.

पाठपुरावा पूर्ण ठेवून निकाल मोजावेत, यावर गंभीर आक्षेप असा की तसे केले तर रुग्णालये अवघड रुग्ण टाळतील. अमेरिकेत ही तक्रार वर्षानुवर्षे झाली, आणि २०१९ मध्ये तिथल्या सरकारने केंद्रांच्या फेरमान्यतेसाठीची निकालांची अट काढून टाकली. पण नोंदी ठेवणे थांबवले नाही, आणि तोच योग्य मार्ग आहे. वय, मधुमेह, दात्याची प्रकृती लक्षात घेऊन तुलना करावी, आणि आकडे शिक्षेसाठी नव्हे तर सुधारणेसाठी वापरावेत. खर्चाचा आक्षेप मला तितका पटत नाही. वर्षातून एक फोन करून माणूस हयात आहे का, अवयव चालतो का, किडनीचे काम दाखवणारे क्रिएटिनिन किती, औषधे सुरू आहेत का, एवढे चार प्रश्न विचारणे शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे नगण्य आहे.

हेच प्रश्न दात्यालाही विचारायला हवेत. आपल्याकडे बहुतेक किडन्या जिवंत दाते देतात, आणि त्यांत आई, बायको, बहीण यांचा वाटा मोठा असतो. अमेरिकेतल्या ९६ हजारांहून अधिक दात्यांच्या २०१४ च्या अभ्यासात, १५ वर्षांत दर १०,००० दात्यांमागे सुमारे ३१ जणांची किडनी निकामी होईल असे दिसले. दान न केलेल्या तितक्याच निरोगी माणसांत हे प्रमाण सुमारे ४ होते. धोका लहान आहे, पण आहे. संमतीच्या कागदावर सही करणाऱ्या बाईला तो भारतीय आकड्यांत सांगता आला पाहिजे.