वाहत्या पाण्यास विजेच्या साह्याने प्राणवायू

उन्हाळ्यात पहाटेच्या सुमारास मत्स्यतळ्याच्या काठी जाणाऱ्या शेतकऱ्यास कधीकधी मोठे चिंताजनक दृश्य दिसते. रोहू, कटला, मृगळ हे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची सारखी उघडझाप करीत असतात. रात्रभर मासे, शेवाळ व तळाचा गाळ ही सर्व पाण्यातील प्राणवायू खर्च करीत असतात आणि सूर्योदय होईपर्यंत शेवाळाकडून नवा प्राणवायू मिळत नाही. त्यातच उष्ण पाण्यात हा वायू मुळातच कमी विरघळतो. २० अंश सेल्सियस तपमानाचे गोडे पाणी हवेतून लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू धारण करू शकते. ३० अंशांस हे प्रमाण ७.६ मिलिग्रॅमपर्यंत उतरते. या माशांच्या निकोप वाढीसाठी ते ५ मिलिग्रॅमच्या वर राहावे लागते. ३ च्या खाली गेल्यास मासे खाणे सोडतात, आणि त्याहून खाली गेल्यास वर्षाची मेहनत एका रात्रीत वाया जाते.

या अडचणीवर उपाय म्हणून विजेवर चालणारे एक साधन अलीकडे दाखविले जाते. नळीतून वाहणाऱ्या पाण्यात धातूच्या दोन जाळ्या अगदी जवळजवळ बसवून त्यांतून वीज सोडली म्हणजे पाणी दुधासारखे पांढरे होऊन बाहेर पडते. पाहणारा चकित होतो. हे साधन खरे आहे, त्यामागील शास्त्रही खरे आहे. परंतु ते कोठे वापरावे व कोठे वापरू नये, हे हिशेबाने ठरवावयास हवे. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी तो हिशेब स्वतः मांडण्यास शिकावे, या हेतूने येथे थोडे विस्ताराने लिहिले आहे.

पाण्यातून विजेचा प्रवाह सोडल्यास पाण्याचे घटक वेगळे होतात, हे इंग्लंडात निकल्सन व कार्लाइल यांनी १८०० साली दाखविले. या क्रियेस विद्युत् विच्छेदन म्हणतात. विजेच्या धन टोकाशी, म्हणजे धनाग्राशी, प्राणवायू निघतो. ऋणाग्राशी हायड्रोजन निघतो आणि त्याचे आकारमान प्राणवायूच्या दुप्पट असते. किती विजेला किती वायू निघेल याचा नियम फॅरडे यांनी १८३४ साली प्रसिद्ध केला. तो आपल्या कामापुरता असा लक्षात ठेवावा: १ अँपियर प्रवाह १ तास चालल्यास सुमारे ०.३ ग्रॅम प्राणवायू निघतो. यंत्र कोणाचेही असो, विजेच्या एका घटातून याहून अधिक प्राणवायू मिळत नाही.

मग साध्या पंपाने हवा सोडण्यापेक्षा यात विशेष ते काय? विशेष आहे ते बुडबुड्याच्या आकारात. १ मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा फोडून त्याचे ५० मायक्रॉन व्यासाचे बुडबुडे केले, तर एकाचे ८,००० होतात आणि पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वीसपट होतो. मोठा बुडबुडा १ मीटर खोल पाण्यातून काही सेकंदांत वर येऊन फुटतो. ५० मायक्रॉनच्या बुडबुड्यास तेच अंतर चढावयास सुमारे बारा मिनिटे लागतात, आणि तेवढ्या अवकाशात त्यातील बराच वायू पाण्यात विरघळून जातो. शिवाय हवेच्या बुडबुड्यात प्राणवायू पाचवा हिस्साच असतो. येथे धनाग्रावरील बुडबुडा जवळजवळ शुद्ध प्राणवायूचा असतो.

पाणी वाहते असण्याचा लाभ येथेच होतो. स्थिर पाण्यात बुडबुडा धातूला चिकटून राहतो, शेजारच्या बुडबुड्यांत मिसळतो व फुगल्यावर सुटतो. पाण्याला वेग असल्यास तो लहान असतानाच धुऊन नेला जातो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचे जेम्स सेंकिव यांना या प्रकारच्या योजनेचे पेटंट २००४ साली मिळाले. धनाग्र व ऋणाग्र यांमधील अंतर ०.००५ ते ०.१४० इंच, म्हणजे साधारण ०.१३ ते ३.६ मिलिमीटर, ठेवावे हा तिचा गाभा आहे. अंतर कमी असल्यामुळे गोड्या पाण्याचा विद्युत्‌रोधही थोड्या दाबात ओलांडता येतो.

आता हिशेब. मत्स्यबीज ठेवण्याची ५०० लिटरची टाकी घ्या. तीत ५ अँपियरचे साधन चालविल्यास ताशी दीड ग्रॅम, म्हणजे लिटरमागे ३ मिलिग्रॅम प्राणवायू मिळतो. लहान माशांना उष्ण पाण्यात किलोमागे ताशी काही शे मिलिग्रॅम लागतात. म्हणजे दोन-तीन किलो बोटुकली रात्रभर सांभाळण्यास हे साधन पुरे पडते, आणि खळबळ नसल्यामुळे नाजूक पिलांना धक्का बसत नाही. येथे त्याची योग्यता निर्विवाद आहे.

परंतु १० लाख लिटरच्या शेततळ्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम वाढ करावयाची म्हटली, तर २ किलो प्राणवायू हवा. ५ व्होल्ट दाबाने तो निर्माण करण्यास सुमारे ३३ युनिटे वीज लागेल. पाणी उडविणारे साधे चाकी एरेटर हेच काम दोन ते चार युनिटांत करते, कारण ते प्राणवायू तयार करीत बसत नाही. हवेत आयता असलेला पाण्यात मिसळते. मत्स्यबीज दूरच्या गावी न्यावयाचे असल्यास प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांची रूढ पद्धतच बरी. सात घनमीटरच्या एका नळकांड्यात सुमारे ९ किलो प्राणवायू असतो. तेवढा घरी विजेने काढावयाचा तर दीडशे युनिटे खर्ची पडतील.

पिकांच्या बाबतीत तर अधिकच सावधपणे विचार करावा. मुळांना प्राणवायू लागतो हे खरे. पाणथळ जमिनीत ऊस पिवळा पडतो तो यामुळेच. म्हणून प्राणवायूयुक्त पाणी द्यावे, असे कोणी सुचविल्यास पुढील आकडे पाहावेत. १ लिटर पाण्यातील प्राणवायू ८ वरून २० मिलिग्रॅमवर नेला, तर अधिक मिळाले १२ मिलिग्रॅम. १ लिटर हवेत तो सुमारे २७५ मिलिग्रॅम असतो. म्हणजे एवढा सगळा खटाटोप करून मुळांना मिळाली ती पाव पेला हवा! निचऱ्याचा एक चर खणल्याने जमिनीच्या पोकळ्यांत याच्या कितीतरी पट हवा खेळू लागते. तुषार सिंचनात तर पाण्याचे बारीक थेंब उडताच जादा प्राणवायू हवेत निघून जातो. मातीविना, केवळ पाण्यात रोपे वाढविणाऱ्या गृहांत मात्र मुळे सदैव पाण्यातच असल्याने या साधनास जागा आहे.

हे साधन लावणाऱ्यांनी आपल्या पाण्याची परीक्षा आधी करून घ्यावी. पाण्यात मिठाचा अंश अधिक असल्यास धनाग्राशी प्राणवायूबरोबर क्लोरीनही निघतो, आणि तो माशांना घातक असतो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात, अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत, विहिरीच्या पाण्यावर हे साधन लावणे म्हणूनच धोक्याचे आहे. पाणी जड असेल तर ऋणाग्रावर चुन्याचा पांढरा थर बसतो व प्रवाह मंदावतो. तो वेळोवेळी काढावा लागतो. धनाग्र टायटॅनियमवर प्लॅटिनम अथवा इरिडियम ऑक्साइडचा लेप दिलेले असावे. काटकसर म्हणून तांब्याची पट्टी वापरल्यास तांबे पाण्यात उतरून मासे मरतात. लोखंड वापरल्यास ते गंजून झिजते. स्टेनलेस स्टील धनाग्रास लावल्यास त्यातील क्रोमियम पाण्यात येतो. टाकीवर घट्ट झाकण कधीही ठेवू नये. हवेत शेकडा ४ भाग हायड्रोजन साचला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. घरच्या विजेची तार तर पाण्यात थेट सोडण्याचा विचारही मनात आणू नये.

ग्रामसभेत प्रात्यक्षिक दाखविण्यास खर्च फारसा नाही. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकावा. मीठ टाकू नये. दोन्ही टोकांस तासलेल्या दोन पेन्सिली पाण्यात उभ्या कराव्यात आणि वरच्या टोकांना ९ व्होल्टच्या बॅटरीच्या तारा जोडाव्यात. तारा पाण्यास लागू देऊ नयेत. लगेच बुडबुडे सुटू लागतात. बॅटरीच्या ऋण टोकाकडे ते अधिक दिसतात. चमच्याने पाणी हळू ढवळल्यास बुडबुडे अधिक बारीक होऊन वाहत जातात, हेही सर्वांना दिसते.

या प्रयोगात आणखी एक गोष्ट सर्वांस दाखवावी. पेल्यात दिसणाऱ्या बुडबुड्यांपैकी दोनतृतीयांश वायू हायड्रोजन आहे आणि माशांना त्याचा काही उपयोग नाही. विक्रेता नळीतून पडणारे दुधाळ पाणी दाखवितो, तेव्हा त्या पांढरेपणातही हायड्रोजनचाच वाटा मोठा असतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी विरघळलेला प्राणवायू मोजून घ्यावा. त्यासाठी मापक यंत्र वापरावे किंवा विंकलर यांनी १८८८ साली शोधलेल्या रासायनिक पद्धतीची बाटली भरावी. पहिला नमुना साधनात शिरणाऱ्या पाण्याचा, दुसरा बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बुडबुडे निवळल्यानंतर, आणि तिसरा टाकीच्या दूरच्या कोपऱ्यातून तासाभराने घ्यावा. साधन चालू असताना किती अँपियर प्रवाह जातो तेही टिपून ठेवावे. तीन नमुन्यांचे आकडे व ताशी ०.३ ग्रॅमचा नियम शेजारी मांडला, म्हणजे निघालेल्या प्राणवायूपैकी पाण्यात किती राहिला ते कागदावरच कळते.