अवध : तहांनी गिळलेले राज्य

ज्येष्ठातला मंगळवार. लखनौच्या अलीगंज भागात पहाटेपासूनच हनुमान मंदिराकडे जाणारे रस्ते माणसांनी भरून जातात. कुणी अनवाणी चालत येतो, तर कुणी लोटांगण घालत. रस्त्याच्या कडेला जागोजागी मांडव उभारलेले असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आग्रहाने पुरीभाजी, बुंदी व थंड सरबत दिले जाते. या दिवसाला इथे 'बडा मंगल' म्हणतात. उत्तरेकडचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो. त्यामुळे महाराष्ट्रात वैशाख वद्य पक्ष चालू असतानाच इथे ज्येष्ठ लागलेला असतो.

अलीगंजच्या जुन्या हनुमान मंदिराच्या कळसावर चंद्रकोर आहे. हनुमानाच्या देवळावर चंद्रकोर कशी, असे नवख्या माणसाला वाटते. नवाबाच्या घराण्यातल्या एका बेगमेला दृष्टांत झाला आणि तिने हे मंदिर उभारले, असे लोक सांगतात. ती बेगम नेमकी कोण, याबाबत निरनिराळ्या कथा आहेत. पण ही चंद्रकोर ज्या राज्याची आठवण करून देते, ते अवधचे राज्य मात्र कथेतले नाही.

राज्य होण्यासाठी चार गोष्टी लागतात, असे नागरिकशास्त्रात शिकवतात : भूमी, लोक, शासन आणि सार्वभौमत्व. पहिल्या तीन शाबूत असताना चौथी गेली तर काय होते, हे अवधच्या इतिहासात पाहायला मिळते.

गंगेपासून तराईपर्यंत

अयोध्येवरून या प्रदेशाला अवध हे नाव पडले. नैर्ऋत्येला गंगा, उत्तरेला नेपाळची तराई आणि मधून वाहणाऱ्या घाघरा, गोमती व सई या नद्या. डोंगर जवळपास नाहीच. नद्यांनी आणलेल्या गाळाची सुपीक जमीन मात्र मैलोन्मैल पसरलेली. गोमती पिलीभीत जिल्ह्यात उगम पावते आणि लखनौतून वाहत पुढे गंगेला मिळते. अलीगंज तिच्या उत्तरेला आहे. १८५६ साली या राज्याचे क्षेत्रफळ सुमारे ६२ हजार चौरस किलोमीटर होते, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या साधारण एक पंचमांश आणि बेल्जियमच्या दुप्पट. अशा सुपीक भूमीवर सर्वांचाच डोळा असतो.

सुभेदाराचा नवाब झाला

इराणमधल्या निशापूरहून आलेल्या सादत खानाला मोगल बादशहाने १७२२ साली अवधचा सुभेदार नेमले. दिल्लीची सत्ता दुबळी होत गेली, तसे त्याचे वारस नावापुरतेच बादशहाचे चाकर उरले. त्यांच्यापैकी शुजाउद्दौला मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. १७६१ साली पानिपतावर अब्दालीच्या बाजूने उभा राहिलेला नवाब तो हाच.

तीनच वर्षांनी, १७६४ साली बक्सरच्या लढाईत इंग्रजांनी शुजाला हरवले. १७६५ च्या अलाहाबादच्या तहाने त्याला राज्य परत मिळाले, पण ५० लाख रुपयांची खंडणी कबूल करावी लागली. पुढे कंपनीची फौज अवधमध्ये आली आणि तिचा खर्च नवाबाच्या माथी बसला. दरबारात इंग्रज रेसिडेंटही येऊन बसला.

१७७५ साली आसफउद्दौलाने राजधानी फैजाबादहून लखनौला आणली. १७८४ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून त्याने मोठा इमामबाडा बांधायला घेतला. त्याचे सुमारे ५० मीटर लांबीचे दालन एकाही खांबाशिवाय उभे आहे. शहराची शान वाढत होती, त्याच वेळी तिजोरी रिकामी होत होती.

हात बांधले आणि पोहायला सांगितले

खरा घाव बसला तो १८०१ साली. फौजेच्या खर्चापोटी कंपनीने सादत अली खानाकडून जवळजवळ निम्मे राज्य लिहून घेतले. त्याची स्वतःची फौजही कमी करायला लावली. शिवाय कारभार चांगला चालवावा आणि त्यासाठी कंपनीच्या अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा, अशी अटही तहात घातली.

पण खेडोपाडी वसुली नाझिम आणि चकलेदार करत, आणि तालुकदार आपापल्या गढ्यांत शस्त्रे बाळगून असत. पुरेशी फौज नसलेला नवाब त्यांना वठणीवर कसा आणणार? १८१९ साली कंपनीच्या संमतीने गाझीउद्दीन हैदर 'बादशहा' झाला. किताब वाढला, पण सत्ता होती तेवढीच राहिली.

शेवटी याच बेबंदशाहीचा ठपका वाजिद अली शाहवर ठेवण्यात आला. वारस नाही म्हणून झाशी आणि नागपूर खालसा झाले. इथे वारसही होता आणि मैत्रीचे तहही होते. म्हणून गैरकारभाराचे कारण पुढे आले. कारभारात दोष नव्हते असे नाही, पण ते दूर करण्याची साधने कंपनीनेच काढून घेतली होती. फेब्रुवारी १८५६ मध्ये रेसिडेंट औट्रमने राज्य सोडून देण्याचा करार पुढे केला. वाजिद अलीने डोक्यावरची पगडी काढून त्याच्या हाती दिली, पण सही केली नाही. ७ फेब्रुवारीला राज्य खालसा झाले.

आईची फिर्याद, बेगमेची लढाई

वाजिद अली कोलकात्याला गेला आणि १८८७ साली तिथेच मटियाबुर्जला वारला. त्याची आई मलका किश्वर मात्र पडद्यातून बाहेर पडली, समुद्र ओलांडून लंडनला गेली आणि मुलाचे राज्य तिने व्हिक्टोरिया राणीकडे परत मागितले. पदरी काही पडले नाही. १८५८ साली परतीच्या वाटेवर पॅरिसमध्ये तिचे निधन झाले; तिची कबर तिथेच आहे.

इकडे लखनौत बेगम हजरत महलने जुलै १८५७ मध्ये आपला मुलगा बिरजीस कद्र याला गादीवर बसवले आणि लढ्याची सूत्रे हाती घेतली. कंपनीच्या बंगाल फौजेतले पुष्कळ शिपाई अवधच्याच खेड्यांतले होते. राज्य गेल्याचा चटका त्यांच्या घरांनाही बसला होता. मार्च १८५८ मध्ये लखनौ पडले. नानासाहेब पेशव्यांप्रमाणे बेगमेनेही नेपाळचा आश्रय घेतला. १८७९ साली काठमांडूत तिचा अंत झाला.

अवधची राजमुद्रा, म्हणजे मासोळ्यांची जोडी, लखनौच्या जुन्या दरवाजांवर आजही दिसते आणि उत्तर प्रदेशाच्या राजचिन्हातही आहे. कैसरबागेतल्या वाजिद अलीच्या परीखान्यात आज संगीताचे विद्यापीठ भरते. त्याची सुरुवात १९२६ साली पंडित विष्णू नारायण भातखंडे या मराठी माणसाने केली. आणि अलीगंजच्या मांडवात बडा मंगलला सरबताचा पेला पुढे करणारा माणूस आजही घेणाऱ्याची जात वा धर्म विचारत नाही. तहांच्या कागदांवर या गोष्टींची कधी नोंद नव्हती. म्हणूनच कदाचित त्या लखनौकरांच्या हाती राहिल्या.