माजी सैनिक : पडद्यावरचा आणि दारावरचा

नागरी जीवनात वावरणाऱ्या सैनिकाचे दोन ठरावीक साचे चित्रपटांनी व वृत्तपत्रांनी आपल्या मनावर बिंबविले आहेत. एक, रणांगणाचा न्याय भर वस्तीत आणणारा संतप्त वीर. १९९१ च्या ‘प्रहार’मधील मेजर हा त्याचा ठळक नमुना. दुसरा, जखमांवर मात करून जग जिंकणारा असामान्य पुरुष. या दोहोंच्या मधला मोठा समूह शेताच्या बांधावर, पेन्शनच्या रांगेत व बँकेच्या दारात उभा असतो. त्याची बातमी होत नाही.

मुरलीकांत पेटकर यांचेच उदाहरण घ्यावे. सांगली जिल्ह्यातील हे जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर जलतरणात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळण्यास २०१८ उजाडले, चित्रपट आला २०२४ मध्ये. या दोन टोकांच्या मधे पुण्याच्या टेल्कोत केलेली नोकरी मात्र फारशी कोणाला आठवत नाही.

अशी नोकरी इतरांना मिळते काय, हा प्रश्न सोलापुरात अधिकच तीव्र होतो. सामान्य जवान पंधरा-सतरा वर्षांच्या सेवेनंतर पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. तेव्हा मुले शाळेत असतात आणि आईवडील थकलेले असतात. सांगोला-मंगळवेढ्याकडील कोरडवाहू जमीन सर्वांना पोसत नाही. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांचे भोंगे तर केव्हाच थांबले. उरते ती पहारेकऱ्याची नोकरी. वस्तुतः सैन्यात सारेच बंदूक चालवीत नाहीत. कोणी संदेशयंत्रणा सांभाळतो, कोणी वाहने दुरुस्त करतो, कोणी जखमींची शुश्रूषा करतो.

शासनाने काहीच केले नाही, असे नव्हे. राज्याच्या गट क व ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. मॅट्रिक होऊन पंधरा वर्षे सेवा केलेल्यास केंद्राच्या काही पदांसाठी पदवीधर मानण्याची तरतूद १९८६ पासून आहे. परंतु पदेच भरली गेली नाहीत तर आरक्षण कागदावर राहते, आणि खाजगी मालकावर या तरतुदींचे बंधन नाही. राज्याचे माजी सैनिक महामंडळदेखील परिचित आहे ते सुरक्षारक्षक पुरविणारी संस्था म्हणून. प्रतिमेची किंमत मोजावी लागते ती येथे. समाज ज्याला केवळ बंदूकधारी समजतो, त्याला बाजारही दारावरच उभा करतो; त्याच्या शिक्षणावर राष्ट्राने केलेला खर्च वाया जातो.

२०२२ च्या अग्निपथ योजनेने हा प्रश्न अधिक निकडीचा केला आहे. तिच्या मूळ तरतुदीनुसार चार वर्षांनंतर कमाल २५ टक्के अग्निवीर सेवेत राहावयाचे. उरलेले ऐन तारुण्यात, पेन्शनविना, सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन परतावयाचे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, औद्योगिक प्रशिक्षण संस्था व चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखानदार यांनी एकत्र बसून सैनिकी कौशल्याला बाजारात चालेल असे प्रमाणपत्र मिळवून दिले पाहिजे. २६ जानेवारीच्या सत्काराची शाल दुसऱ्या दिवशी घडी घालून ठेवली जाते. घर चालवावे लागते ते वर्षभर.