जुना लहान लॅपटॉप व नवा मोठा लॅपटॉप : शालेय कामाची योग्य वाटणी

आपल्या पुष्कळशा शाळांत व केंद्रांत सन 2010 च्या सुमारास घेतलेला एखादा लहानसा लॅपटॉप अद्याप कपाटात आढळतो. अलीकडे त्याच्या जागी मोठ्या पडद्याचा व अधिक शक्तिमान लॅपटॉप येऊ लागला आहे. शाळाभेटीच्या वेळी मुख्याध्यापक साहजिकच विचारतात, “नवा आला, आता जुन्याचे काय करावे?” कोणी तो तत्काळ भंगारात काढावा असे म्हणतात, कोणी नवे यंत्र जपून ठेवून जुन्यावरच सारी कामे रेटीत राहतात. दोन्ही मार्ग शाळेच्या हिताचे नाहीत. या दोन यंत्रांतील भेद नीट समजून घेऊन कामाची वाटणी कशी करावी, हे शिक्षक बंधु-भगिनींपुढे मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

लहान लॅपटॉप हा मोठ्याची कमअस्सल नक्कल म्हणून निघाला, असा समज पुष्कळांचा असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. सन 2007 मध्ये तैवानच्या आसुस कंपनीने ‘ई पीसी 701’ हे यंत्र बाजारात आणले. त्याचा पडदा 7 इंचांचा, साठवण 4 जीबीची व वजन एक किलोहून कमी होते. लिहिणे, वाचणे व पत्रव्यवहार एवढीच कामे स्वस्तात व कोठेही बसून करता यावीत, हा त्यामागील हेतू होता. त्याच वर्षी मुलांसाठी बनविलेला ‘एक्सओ’ नावाचा चिमुकला लॅपटॉप आपल्या रायगड जिल्ह्यातील खैरात या छोट्या गावच्या शाळेत प्रयोगादाखल वापरण्यात आला. पुढे 10 इंची पडद्याची यंत्रे रूढ झाली. आपल्या कपाटांतील लहान लॅपटॉप बहुधा या 10 इंची जातीचे आहेत.

प्रथम पडद्याचा विचार करू. जुन्या 10.1 इंची पडद्यावर साधारणतः 1024 गुणिले 600 इतके प्रकाशबिंदू असतात, म्हणजे सुमारे 6 लाख 14 हजार. नव्या 15.6 इंची पडद्यावर ते बहुधा 1920 गुणिले 1080 असतात, म्हणजे 20 लाख 73 हजारांहून अधिक. पडद्याचे क्षेत्रफळ सव्वादोनपटीहून थोडे जास्त होते, तर बिंदू तिपटीहून जास्त होतात. परिणामी विद्यार्थ्यांच्या माहितीचा रुंद तक्ता नव्यावर एका दृष्टिक्षेपात दिसतो. जुन्यावर तो डावीकडून उजवीकडे सरकवीत वाचावा लागतो व ओळ चुकण्याचा संभव वाढतो. तथापि पडदा मोठा झाला म्हणून तीस मुलांच्या वर्गाला तो पुरतो, असे समजू नये. वर्गासाठी प्रक्षेपक अथवा टीव्ही हवाच.

आता शक्तीविषयी. लॅपटॉपची शक्ती तीन गोष्टींवर मुख्यतः अवलंबून असते. प्रोसेसर म्हणजे काम करणारा हात, रॅम म्हणजे कामाचे टेबल आणि डिस्क म्हणजे दप्तर ठेवण्याचे कपाट, असे मानल्यास विषय सुलभ होईल. जुन्या लॅपटॉपात बहुधा एकच गाभा असलेला अ‍ॅटम प्रोसेसर व 1 जीबी रॅम असते. नव्यात अनेक गाभे व साधारणतः 8 जीबी रॅम असते. टेबल लहान असले की एक वही ठेवण्यासाठी दुसरी उचलावी लागते. जुने यंत्र दोन-तीन पाने एकाच वेळी उघडल्यावर अडखळते, त्याचे कारण हेच. शिवाय जुन्यातील डिस्क ही फिरणारी तबकडी असते, तर नव्यातील साठवण बहुधा फिरत्या भागाविना चालणारी असते. त्यामुळे नवे यंत्र लवकर सुरू होते, आणि मोटारसायकलवरून नेताना बसणाऱ्या धक्क्यांचे भयही त्यास कमी असते.

वजनात मात्र जुन्याची सरशी आहे. ते सव्वा किलोच्या आसपास भरते. नवे बहुधा दीड ते दोन किलोंच्या दरम्यान. वस्तीशाळेपर्यंत पायी जाणाऱ्या शिक्षकास हा फरक खांद्यावर जाणवतो. जुन्याचा चार्जरही कमी वॅटचा असल्याने सौरसंचावर त्याचा भार थोडा पडतो. परंतु दहा वर्षांहून जुनी बॅटरी पूर्वीइतकी वीज धरून ठेवीत नाही, हे ध्यानी घ्यावे. बॅटरी फुगलेली दिसल्यास ते यंत्र मुळीच चार्जिंगला लावू नये व मुलांच्या हाती देऊ नये.

यानंतरचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. जुन्या लॅपटॉपांतील विंडोज 7 या प्रणालीची सुरक्षादुरुस्ती 14 जानेवारी 2020 रोजी सर्वसाधारण वापरासाठी बंद झाली. नव्या विंडोज 11 प्रणालीस किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी साठवण व दोन गाभ्यांचा प्रोसेसर लागतो; म्हणून ती एकाच गाभ्याच्या जुन्या यंत्रात बसत नाही. सबब यू-डायस प्लस, सरल यांसारखी, विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक व कौटुंबिक माहिती हाताळणारी कामे जुन्यावर करणे सर्वथा थांबवावे. ही माहिती पालकांनी शाळेवरील विश्वासाने दिलेली असते.

नव्यावर माहिती नेताना एक अडचण हमखास येते. जुन्या धारिका श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या पूर्वीच्या टंकांत टंकलिखित केलेल्या असतील, तर तो टंक नसलेल्या नव्या यंत्रावर त्या निरर्थक चिन्हांच्या रूपात उघडतात. घाबरून त्या पुसून टाकू नयेत. मजकूर शाबूत असतो. रूपांतरकाच्या साहाय्याने तो युनिकोडमध्ये आणावा. रूपांतरानंतर नावे, जोडाक्षरे व रफार डोळ्यांखालून घालावेत. दाखल्यावरील नावातील एका अक्षराची चूक मुलास पुढे अनेक वर्षे कचेऱ्यांचे खेटे घालावयास लावते.

हे काम पुढील क्रमाने करावे. प्रथम सर्व धारिका नव्या लॅपटॉपवर व दुसरी प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी. नंतर निवडक धारिका प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. नावांची यादी दिसली म्हणजे मजकूर आला, असे नव्हे. खात्री झाल्यावरच जुन्याची डिस्क पुसावी. केवळ धारिका काढून टाकल्याने वा कचराटोपली रिकामी केल्याने माहिती नष्ट होत नाही. जाणकार मनुष्य ती परत मिळवू शकतो. म्हणून संपूर्ण डिस्कवर निरर्थक माहिती लिहिणाऱ्या साधनाचा उपयोग करावा. यंत्र सुरूच होत नसेल, तर डिस्क काढून कुलूपबंद ठेवावी.

अशा रीतीने पुसलेला, सुस्थितीतील जुना लॅपटॉप मुलांच्या उपयोगी पडू शकतो. त्यात लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती घालता येते. तिला परवाना शुल्क नाही. त्याचा आखूड कळफलक तिसरी-चौथीच्या मुलांच्या बोटांना सोयीचा पडतो. इंटरनेटविना मराठी टंकलेखन, चित्रे काढणे, कविता व गोष्टी ऐकणे ही कामे तो करू शकतो. त्यास व्हीजीए जोडणी असल्याने जुना प्रक्षेपकही चालतो. नव्या लॅपटॉपला बहुधा एचडीएमआय जोडणीच असते व अशा प्रक्षेपकासाठी वेगळा परिवर्तक घ्यावा लागतो.

यंत्र खरोखरच निकामी झाले असेल, तर जडवस्तू संग्रह नोंदवहीतील नोंद तपासून विहित पद्धतीने निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवावा. सन 2022 चे ई-कचरा व्यवस्थापन नियम 1 एप्रिल 2023 पासून अमलात आले आहेत. त्यानुसार असे यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे जाणे आवश्यक आहे. दारावर येणाऱ्या भंगारवाल्यास ते विकू नये.

नव्या यंत्राचा लाभ कशात मोजावा, हेही शेवटी सांगितले पाहिजे. माहिती भरण्याचे जे काम जुन्यावर सारी दुपार घेत असे, ते नव्यावर लवकर उरकेल. तो वाचलेला वेळ आणखी तक्ते भरण्यात खर्ची पडला, तर मुलांच्या वाट्यास काहीच येणार नाही. एकशिक्षकी व द्विशिक्षकी शाळांत तर शिक्षक संगणकापुढे बसला की वर्ग उघडा पडतो. यास्तव मुख्याध्यापकांनी माहिती भरण्याची वेळ शाळा सुटल्यानंतरची ठरवावी, नवा लॅपटॉप कुलूपबंद न ठेवता सर्व शिक्षकांना आळीपाळीने वापरू द्यावा, आणि वाचलेली प्रत्येक तासिका वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी राखून तिची नोंद वेळापत्रकात करावी.